लिक्विड क्रोमॅटोग्राफी : प्रयोगशाळेचे नवे साहित्य आणि आपला व्यापार

मिरची, हळद, शेंगदाणा, बेदाणा, युनानी औषधे, रंगीत कापड किंवा औषधाच्या कॅप्सूल, यांपैकी कशाचाही व्यापार करणाऱ्याच्या हाती आज ना उद्या एक छापील कागद पडतो. मालात अमुक इतके अफ्लाटॉक्सिन, अमुक इतका कृत्रिम रंग असे आकडे त्यावर असतात आणि शेजारी 'एचपीएलसी' किंवा 'एलसी-एमएस/एमएस' अशी अक्षरे असतात. त्या कागदावर माल पुढे जातो किंवा बंदरातून परत येतो. आमचे व्यापारी बांधव आकडा पाहतात आणि अक्षरे सोडून देतात. ही अक्षरे म्हणजे काय, ती तपासणी कोणत्या यंत्रावर होते, त्या यंत्राला रोज कोणते साहित्य लागते आणि त्या साहित्याच्या पुरवठ्यात आपल्या लोकांना काही तिजारत करता येईल का, हे या लेखात पाहावयाचे आहे.

हा कागद किती महाग पडू शकतो हे मिरचीवाल्यांना ठाऊक आहे. मे २००३ मध्ये फ्रान्सने भारतातून गेलेल्या मिरचीच्या मालात 'सुदान-१' हा रंग सापडल्याचे कळवले. हा रंग मेण, तेल आणि बुटाच्या पॉलिशसाठी बनतो. खाण्यासाठी तो जगात कोठेही चालत नाही, कारण त्यापासून कर्करोगाचा धोका मानला जातो. त्याच वर्षी युरोपीय संघाने मिरचीसोबत सुदान नसल्याचा तपासणी दाखला सक्तीचा केला. पुढे फेब्रुवारी २००५ मध्ये ब्रिटनमध्ये एका सॉसमध्ये हाच रंग निघाला, आणि त्या सॉसचा वापर झालेले चारशेहून अधिक खाद्यपदार्थ दुकानांतून काढून घ्यावे लागले. मूळ दोष मिरची पुडीच्या एका पुरवठ्यात होता. भट्टी कोणाची, भेसळ कोणाची, आणि दुकाने रिकामी झाली कोणाची!

रंग वेगळे करण्याची युक्ती

या विद्येचा आरंभ अगदी साधा आहे. मिखाईल त्स्वेत नावाच्या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने १९०३ साली वॉर्सा येथे काचेच्या नळीत खडूची भुकटी भरली, वरून पानांचा रस ओतला आणि त्यामागून द्रावक सोडले. रस खाली उतरताना हिरवा, पिवळा, नारिंगी असे रंगांचे पट्टे नळीत वेगवेगळे झाले. त्यावरून 'रंगलेखन' या अर्थाचे क्रोमॅटोग्राफी हे नाव पडले. विणकर बांधवांना हेही कळावे की या विद्येतले पुढचे मोठे पाऊल लोकरीच्या धंद्याने टाकले. इंग्लंडात लीड्स येथील लोकर उद्योगाच्या संशोधन संस्थेत आर्चर मार्टिन आणि रिचर्ड सिंज हे दोघे लोकरीतील अमिनो आम्ले वेगळी करण्याच्या खटपटीत होते. १९४१ साली त्यांनी नवी पद्धत मांडली आणि १९५२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

आता युक्ती समजून घ्या. रमजानच्या संध्याकाळी मोहम्मद अली रोडवरून शंभर माणसे एकदम निघाली असे समजा. ज्याला काहीच घ्यायचे नाही तो सरळ पलीकडे जातो. ज्याला मालपुव्याची ओढ आहे तो दर दुकानापाशी थबकतो आणि सर्वांत शेवटी पोहोचतो. कॉलम ही तीच गल्ली आहे. ती पोलादाची एक नळी असून तिच्यात वाळूच्या जातीचे, म्हणजे सिलिकाचे, अतिसूक्ष्म गोल कण ठासून भरलेले असतात. त्या कणांवर बहुधा अठरा कार्बनांच्या साखळीचा तेलकट थर चढवलेला असतो. म्हणून त्याला सी-१८ म्हणतात. तेलकट स्वभावाचा घटक तिथे रेंगाळतो, पाण्यात रमणारा लवकर बाहेर पडतो. नळीच्या तोंडाशी बसवलेला शोधक प्रत्येक घटक बाहेर येताच कागदावर एक टेकडी काढतो. टेकडी किती मिनिटाला आली यावरून तो घटक कोणता असावा हे ओळखतात आणि टेकडीच्या क्षेत्रफळावरून तो किती आहे हे मोजतात.

किती बारीक मोजणी चालते याचा हिशेब करून पाहा. मसाल्यांमध्ये अफ्लाटॉक्सिन बी-१ ची युरोपातील मर्यादा किलोमागे ५ मायक्रोग्रॅम आहे, आणि चारही प्रकार मिळून १०. वीस टन मिरचीत हे ५ म्हणजे सारे मिळून एक दशांश ग्रॅम झाले. चिमूटभरही नव्हे. इतके सूक्ष्म मोजताना नळीचा एक सैल सांधा किंवा मळकी बाटलीसुद्धा निकाल फिरवू शकते. साहित्याच्या व्यापाराचे महत्त्व इथेच आहे.

सर्वच तपासण्या या यंत्रावर होत नाहीत, हे ध्यानात ठेवावे. हळदीतले लेड क्रोमेट धातूच्या तपासणीत सापडते. अत्तरे आणि उडून जाणारी तेले गॅस क्रोमॅटोग्राफीवर तपासतात. सप्टेंबर २०२० मध्ये भारतीय तिळात इथिलीन ऑक्साइड सापडून युरोपात गोंधळ उडाला. तेही गॅसच्याच यंत्राचे काम. उलट २०१० साली महाराष्ट्राची द्राक्षे युरोपात अडली ती क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकामुळे. ते पाण्यात पूर्ण विरघळणारे असल्याने गॅसच्या यंत्रात नीट सापडत नाही, त्याला एलसी-एमएस/एमएसच लागते. जिलेटिन डुकराचे की गाईचे हा आपल्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्नही याच यंत्राने सोडवता येतो. फार प्रक्रिया झालेल्या जिलेटिनमध्ये डीएनए उरत नाही, तेव्हा प्रथिनाचे तुकडे करून त्यातल्या खुणेच्या तुकड्यांवरून जनावर ओळखतात. कापडाच्या बाबतीत, भारताने १९९७ सालापर्यंत एकूण ११२ ॲझो व बेन्झिडीन जातीच्या रंगांवर बंदी घातली. त्या जातीच्या रंगांपासून सुटणारी घातक अमाइन द्रव्ये शोधण्यासाठीही ही पद्धत वापरतात. भिवंडी आणि मालेगावच्या रंगाऱ्यांनी ही गोष्ट परक्याची समजू नये.

यंत्रात नवे काय आले

यंत्राचे भाग ठरलेले आहेत : द्रावकाच्या बाटल्या, त्यातली हवा काढणारे साधन, पंप, नमुना टोचणारा भाग, कॉलम आणि त्याची उबदार पेटी, शोधक, आणि संगणक. नवेपणा मुख्यतः कॉलमच्या कणांत आहे. बरीच वर्षे कण ५ मायक्रॉनचे होते आणि पंपाचा जोर ४०० बारपर्यंत पुरे होई. मोटारीच्या चाकात दोन बारच्या आसपास हवा असते, त्यावरून ४०० म्हणजे काय याची कल्पना यावी. २००४ साली वॉटर्स या अमेरिकन कंपनीने १.७ मायक्रॉन कणांचे कॉलम आणि १००० बार पेलणारे यंत्र बाजारात आणले. कण जितके बारीक तितकी टेकडी अणकुचीदार. पाऊण तासाची तपासणी पाच-दहा मिनिटांत होऊ लागली. मागोमाग इतर कंपन्याही या रांगेत आल्या.

त्यानंतर दोन-तीन वर्षांतच आलेली दुसरी सोय मला छोट्या प्रयोगशाळेच्या दृष्टीने अधिक मोलाची वाटते. ती म्हणजे २.७ मायक्रॉनचे 'कोअर-शेल' कण : आत भरीव गाभा आणि बाहेर सच्छिद्र कवच. त्यांची सफाई १.७ मायक्रॉनच्या जवळ जाते, पण दाब निम्म्याच्या आसपास राहतो. म्हणजे जुने ४०० बारचे यंत्र न बदलता, केवळ कॉलम आणि थोड्या नळ्या बदलून काम पुष्कळ सुधारते. नव्या यंत्रासाठी मोठे कर्ज काढण्यापूर्वी प्रयोगशाळा चालवणाऱ्या बांधवांनी हा मार्ग आजमावावा.

कॉलमची रुंदीही कमी झाली. ४.६ मिलिमीटर रुंदीच्या कॉलममधून मिनिटाला १ मिलिलिटर द्रावक जाते. आठ तासांत ४८० मिलिलिटर झाले. तेच काम २.१ मिलिमीटरच्या कॉलमवर त्याच वेगाने केले तर १०० मिलिलिटर पुरते. ही बचत खरेदीत होते, आणि वापरलेले विषारी द्रावक विल्हेवाटीला देण्याच्या खर्चातही होते. मात्र अरुंद कॉलमला जाड नळ्या जोडल्या तर वेगळे झालेले घटक वाटेत पुन्हा मिसळतात. सगळे साहित्य एकमेकांशी जुळते असावे लागते.

द्रावकांचा बाजारही समजून घेण्यासारखा आहे. सर्वांत मागणी ॲसिटोनायट्रिलला. ते अतिनील प्रकाशाला जवळजवळ आडवे येत नाही आणि पाण्यात मिसळले तरी पातळ राहते, म्हणून पंपावर ताण कमी. पण ते मुद्दाम बनवले जात नाही. प्लास्टिक आणि कृत्रिम धाग्यासाठी ॲक्रिलोनायट्रिल बनवताना ते बाजूला निघते. २००८ साली मंदीने मोटारी आणि घरगुती यंत्रांचा खप घटला, तेव्हा ॲक्रिलोनायट्रिलचे कारखाने मंदावले. बीजिंगच्या ऑलिंपिकसाठी चीनमधले कारखाने बंद ठेवले गेले. त्याच वर्षी टेक्सासमध्ये वादळाने एका कारखान्याचे उत्पादन थांबले. मोटारी विकल्या गेल्या नाहीत म्हणून औषधांच्या प्रयोगशाळा अडल्या! २००९ मध्येही टंचाई होती आणि भाव कित्येक पट चढले. ज्या पुरवठादारांनी त्या दिवसांत जुन्या गिऱ्हाइकाला ठरल्या भावाने थोडाथोडा माल देत ठेवला, त्यांची गिऱ्हाइके टिकली असणार, हे व्यापाऱ्याला सांगायला नको.

छोट्या भांडवलाचा धंदा

यंत्र दहा-पंधरा वर्षांत एकदा विकले जाते आणि ते बहुधा कंपनी स्वतःच विकते. साहित्य मात्र रोज लागते. समजा, एका प्रयोगशाळेत दिवसाला पन्नास नमुने येतात. म्हणजे पन्नास काचेच्या छोट्या बाटल्या, ज्यांना तेथे व्हायल म्हणतात, पन्नास झाकणे आणि पन्नास सिरिंज फिल्टर. हे एकदा वापरून फेकायचे. अफ्लाटॉक्सिनच्या प्रत्येक नमुन्याला एक इम्युनो-ॲफिनिटी कॉलम लागतो. तो फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांवर ठेवावा लागतो आणि त्याला मुदत असते. कीटकनाशकांच्या तपासणीला मॅग्नेशियम सल्फेट व इतर क्षारांच्या मोजून भरलेल्या पुड्या लागतात. २००३ साली निघालेल्या 'क्वेचर्स' पद्धतीमुळे त्यांचा खप वाढला. याशिवाय पंपाचे सील, शोधकाचा ड्युटेरियम दिवा, गार्ड कॉलम, नळ्या, फेरूल, असे काही ना काही संपतच असते. महाडपासून लोटे-परशुरामपर्यंत, तारापूरला आणि छत्रपती संभाजीनगरच्या वाळूजला औषध व रसायनांचे कारखाने आहेत. मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटचा बाजार या मालासाठी जुना आहे. पण तालुक्याच्या ठिकाणी व्हायलचा डबा संध्याकाळपर्यंत आणून देणारा माणूस बहुधा नसतो. कोकणातल्या आपल्या तरुणाने हे काम हेरावे.

मात्र मालाची ओळख पक्की हवी. नेहमीची व्हायल २ मिलिलिटरची, १२ मिलिमीटर रुंद आणि ३२ मिलिमीटर उंच असते. परंतु तिचे तोंड तीन-चार प्रकारचे असते. ९ मिलिमीटरचे आट्याचे झाकण आणि ११ मिलिमीटरचे दाबून बसवायचे झाकण एकमेकांना चालत नाहीत. झाकणातला पडदा सिलिकॉन व पीटीएफईचा असावा. हलका पडदा सुईने तुटतो आणि त्याचा तुकडा सुईत अडकून दिवसभराचे काम थांबते. उजेडाने बिघडणाऱ्या नमुन्याला तपकिरी काच लागते. फिल्टरचे तसेच : सेल्युलोज नायट्रेटचा फिल्टर ॲसिटोनायट्रिलमध्ये चक्क विरघळतो, तिथे नायलॉन किंवा पीटीएफई द्यावा लागतो. ५ मायक्रॉनच्या कॉलमला ०.४५ चा फिल्टर पुरतो, २ मायक्रॉनच्या आतल्या कॉलमला ०.२ चा हवा. गिऱ्हाइकाला 'फिल्टर कोणता?' एवढेच विचारू नका. द्रावक कोणते आणि कॉलम कोणता हे विचारा. दोन महिन्यांत तो तुम्हाला जाणकार समजू लागेल.

फेरूलचे एक रहस्य आहे. पोलादी फेरूल नळीवर एकदा आवळला की तो तिथेच रुततो, आणि त्यापुढे नळीचे टोक किती उरते हे प्रत्येक कंपनीच्या कॉलमला निराळे असते. एका कंपनीच्या कॉलमवर बसलेला सांधा दुसऱ्याला लावला तर गळतो, किंवा आत पोकळी राहून टेकड्या पसरट होतात. ४०० बारच्या आतल्या साध्या कामाला हाताने आवळायचे पीक प्लास्टिकचे सांधे सोयीचे. पण टेट्राहायड्रोफ्युरान आणि क्लोरोफॉर्ममध्ये हे प्लास्टिक फुगते, हे देतानाच सांगावे.

मोहाच्या जागा याही धंद्यात आहेत. वापरलेल्या व्हायल धुऊन नव्या डब्यात भरणे, नामांकित कंपनीच्या रिकाम्या बाटलीत साधे द्रावक भरून 'एचपीएलसी ग्रेड' म्हणून देणे, मुदत संपलेल्या मालावर नवी चिठ्ठी डकवणे. अशा मालाने कागदावर नसलेल्या टेकड्या उमटतात आणि कोणा निर्दोष व्यापाऱ्याची मिरची नापास होते, किंवा दूषित औषध पास होते. कुरआनात मापात मारणाऱ्यांवरून एका सूरहचे नावच पडले आहे. मापण्याच्या साधनात खोट घालणारा त्याच रांगेत बसतो, असे आम्हास वाटते.

मेथनॉलबाबत तर अधिक जपले पाहिजे. ते स्वस्त आहे, प्रयोगशाळेला लिटरांनी लागते, आणि ते जहर आहे. जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणी भागात मेथनॉल मिसळलेल्या दारूने शंभराहून अधिक माणसे मेली. त्याच्या साठ्याला आणि विक्रीला परवाना लागतो, प्रत्येक बाटलीची नोंद ठेवावी लागते, आणि ते पेटते. गोदामाची सोय आणि परवाना हाती येईपर्यंत द्रावकांत पडू नये. व्हायल, फिल्टर आणि झाकणे यांवरच हात बसवावा.

कारागिरांसाठी

कॉलम, पंपाचा नीलमण्याचा दट्ट्या किंवा झडपेतली माणकाची गोळी आपल्या वर्कशॉपात बनणार नाही. तो नाद सोडावा. पण यंत्राभोवतीचे पुष्कळ काम आपल्याच हातचे आहे. पन्नास भोकांचे ॲक्रिलिकचे व्हायल स्टँड, द्रावकाची बाटली लवंडली तरी सांडू न देणारे पोलादी ट्रे, मागच्या नळ्यांना हात पोहोचावा म्हणून चाकांवर सरकणारे भक्कम टेबल, ही कामे सुतार आणि लोहार सहज करतात. एलसी-एमएसला जोडलेला निर्वात पंप दिवसरात्र घरघरतो. त्याला आवाज कोंडणारी पेटी लागते. परदेशी पेटी महाग पडते. आपला सुतार ती बनवू शकेल, मात्र आतली उष्णता बाहेर काढणारा पंखा आणि पंपाची तेलाची खिडकी दिसेल अशी झडप तीत हवी. एअर-कंडिशनच्या मिस्त्रीलाही इथे काम आहे, कारण खोलीचे तापमान वरखाली झाले की टेकड्या मागेपुढे सरकतात.

आणि ज्या मुलाने आयटीआय किंवा बीएस्सी केले आहे त्याने दुरुस्ती शिकावी. बहुतेक तक्रारी पाच-सहाच असतात. दाब वाढला तर फिल्टर किंवा कॉलमचे तोंड तुंबलेले असते. दाब हलत असेल तर पंपात हवा किंवा झडपेत घाण असते. पायाची रेघ थरथरत असेल तर दिवा म्हातारा झालेला असतो. फॉस्फेटचे पाणी पंपात रात्रभर ठेवल्याने क्षार जमून सील कापले जाते, आणि ते पाणी एकदम ॲसिटोनायट्रिलशी गाठ पडले तर क्षार तिथेच खाली बसतो. म्हणून आधी साध्या शुद्ध पाण्याने धुवावे लागते. एवढे नीट शिकलेला मुलगा उपाशी राहणार नाही, इन्शाअल्लाह.

जुने यंत्र घ्यायचे तर

तीन-चार मसाले व्यापारी मिळून स्वतःची छोटी तपासणी खोली काढावी अशी सूचना अधूनमधून येते. व्याजी कर्जापासून दूर राहू इच्छिणाऱ्यांना शिर्कतीचा हा मार्ग योग्य आहे, आणि त्यासाठी जुने यंत्र पुरते. घेताना रंगरूप पाहू नका. ते चालू करायला सांगा, एकच नमुना सहा वेळा टोचून सहाही टेकड्या सारख्या येतात का पाहा, दिव्याचे तास विचारा, आणि संगणक-प्रणालीचा परवाना तुमच्या नावावर होणार का ते लेखी घ्या. पुष्कळ यंत्रे इथेच अडतात : यंत्र धडधाकट, पण प्रणाली ज्या जुन्या संगणकावर चालते तो मेला की सारे बंद. मॉडेल कंपनीने कधी बंद केले आणि त्याचे सुटे भाग अजून मिळतात का, हे तर प्रथम विचारावे.

घरच्या खोलीतला आकडा खरेदीच्या वेळी माल निवडायला उपयोगी आहे, निर्यातीच्या कागदाला तो चालणार नाही. त्यासाठी आयएसओ १७०२५ प्रमाणे एनएबीएलची मान्यता असलेली प्रयोगशाळाच लागते. मसाल्यांसाठी मसाला मंडळाची तपासणी प्रयोगशाळा नवी मुंबईत आहे. एनएबीएलची मान्यता सरसकट नसते. कोणत्या मालातील कोणता घटक कोणत्या पद्धतीने तपासण्यास ती मिळाली आहे याची यादी असते. नमुना देण्यापूर्वी ती यादी मागून घ्यावी आणि आपला माल व आपला घटक त्यात आहे का हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे.